विमा न मिळालेलं छप्पर

विमा कंपनीचा माणूस शिडीवरून उतरला आणि म्हणाला, "वासे कुजलेत. छप्पर बदलल्याशिवाय विमा होणार नाही." आम्ही विकत घ्यायला निघालेलं ते जुनं कौलारू घर. बाहेर वारा सुटला होता, आभाळ भरून आलं होतं.

घरमालक देसाईकाका तिथं एकटेच राहत. ते ओशाळून म्हणाले, "वारा वाढला की मी स्वयंपाकघरात जाऊन बसतो. तिथले वासे तेवढे धड आहेत."

घर आपलं होण्याआधीच आपण त्याच्या पडण्याला भितो. ज्याचं आहे, तो मात्र त्या भीतीखालीच रोज अंथरूण घालतो.

माझी बायको सुमन म्हणाली, "काका, घराचं नंतर बघू. आज तुम्ही आमच्याकडे चला."

काका क्षणभर वर बघत राहिले. मग कुलूप शोधू लागले.