सुरतेच्या खोलीतल्या बंद खिडक्या

सुट्टीत खरेदीला कुठलं शहर चांगलं, असं कुणी विचारलं की मी आता विषयच बदलते. एकेकाळी त्यातली माझ्याइतकी जाणकार अख्ख्या रोह्यात नव्हती, निदान मी तरी तसं सांगत फिरायची. पनवेलला भाव करायला जावं तर दुकानदारच आपल्याला शिकवतो. दादरला माल चांगला, पण पिशव्या सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला येतो. पुण्याला दुपारी जाऊच नये. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी ठणकावून सांगितलं, साड्या घ्यायच्या तर सुरतेलाच. आणि दिवाळीच्या सुट्टीत आईला आणि तिला घेऊन बस्ता बांधायला निघाले.

माझं माहेर पेणजवळ, खाडीकाठी. मला रोह्याला दिली, आणि नवरा धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टला. तिथल्या बायकांना एक सवय लागतेच. हवेत वास आला की आधी खिडक्या लावायच्या, फटीत ओलं फडकं कोंबायचं, पोरांना आत घ्यायचं आणि वास जाईपर्यंत गप बसायचं. वास बाहेरूनच येतो हे इतकं अंगात मुरलंय की झोपेतसुद्धा हात कडीकडे जातो.

सुरतेत हॉटेल परवडेना म्हणून दोन दिवसांसाठी एक खोली घेतली होती. तिसरा मजला, कोपऱ्यात शेगडी आणि सिलिंडर. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून आलो, मी चहा केला. आईचे पाय सुजले होते, ती चहा पिऊन आडवी झाली. मानपानाच्या साड्या अजून राहिल्या होत्या, म्हणून आम्ही दोघी परत निघालो, तेवढ्यात मला वास आला. सडका, कुजलेल्या कांद्यासारखा. धाटावकडून वारा फिरला की आमच्याकडे कधीकधी अगदी असाच येतो. खिडकीतून लांबवर धुरांडी दिसत होती. झालं! "इथंपण हायच का मेलं," म्हटलं, आणि दोन्ही खिडक्या धाडधाड लावल्या. टॉवेल भिजवून गॅलरीच्या दाराखाली घातला.

"आई, काय झालं तरी खिडकी उघडू नको. जाईल वास."

"नाय उघडत गो. तुला ठाऊक त्यातलं," आई म्हणाली आणि कुशीवर वळली.

बाजारात मला भाव करण्याचा जोर चढला होता. चौथ्या साडीवर बहीण म्हणाली, "ताई, बाहेर कसलाच वास नाय. खाली उतरलो तेव्हापासून नाय."

"वारा फिरला असेल."

"वारा कुठं हाय? पान हलत नाय."

मी साडीचा पदर हातात धरून तशीच बसले. म्हणजे वास खोलीतलाच, शेगडीचा. दुकानातले दिवे नुकतेच लागले होते. आणि आमची आई तिन्हीसांजेला जिथं असेल तिथं दिवा लावते, प्रवासातही. तिच्या पिशवीत निरांजन, वाती आणि काडेपेटी असतेच. फोन करावा तर तिचा फोन माझ्याच पर्समध्ये होता.

साड्या तिथंच टाकून आम्ही रिक्षा पकडली. तीन मजले कसे चढले ते मला आठवत नाही. दार उघडलं तर आई भिंतीला टेकून बसली होती, समोर उलटी झालेली. मांडीवर काडेपेटी, खाली एक न ओढलेली काडी पडलेली.

"दिवा लावायचा होता, पण हात उचलंना," ती म्हणाली.

बहिणीने सिलिंडर बंद केला. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलंच राहिलं होतं, चहा उतरवताना माझ्याच हातून. आम्ही आईला बाहेर काढलं, डॉक्टरकडे नेलं. रात्रीपर्यंत ती बरी झाली. "काय झालं गो मला?" तिने विचारलं. "बाहेरचा वास, कारखान्याचा," मी म्हणाले. बहिणीने माझ्याकडे एकदाच बघितलं.

लग्नात आई येईल त्याला सांगत होती, "थोरलीनं खिडक्या लावल्या म्हणून मी वाचले." मी पंक्तीत वाढत होते. लाजेने मेल्यासारखं झालं, तरी तोंड उघडलं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. घरी एकटीच होती. आवाज जड वाटला.

"सकाळपासून खाडीकडनं कसला वास येतोय. तुझ्यासारख्या सगळ्या खिडक्या लावून बसलेय बघ. फडकंपण घातलंय."

"सिलिंडर बघितलास?"

"सिलिंडर कशाला बघायचा गो?"

"आई, उठ. आधी खिडक्या उघड. दिव्याच्या बटणाला, काडीला हात लावू नको."

"वेडी का काय? तूच ना म्हणालेलीस, काय झालं तरी उघडू नको?"

"आई, सुरतेत बाहेरून काही आलं नव्हतं. शेगडी मीच उघडी टाकली होती, आणि वर तुला आत कोंडलं. मी खोटं बोलले तुझ्याशी. उठ गो आई!"

मी नुसती हाका मारत राहिले. मग खूप वेळाने खिडकीची कडी काढल्याचा आवाज आला.