छावणीत शिकलेली शुद्ध मराठी

पहिल्या खेपेला मी नापास झाले ती एका वाक्यापायी. डी.एड.चा शेवटचा पाठ चालू होता, मागच्या बाकावर बाहेरगावचे परीक्षक बसलेले, आणि दुसरीतली दोन पोरं पाटीवरून एकमेकांच्या झिंज्या उपटायला लागली. माझ्या तोंडून जे आपोआप निघतं तेच निघालं, "ए, बसा की खाली! कावून भांडायलेत रे?" पोरं गप बसली. परीक्षकांनी मात्र शेरा मारला, "भाषा शिक्षकास शोभणारी नाही."

आमच्या अध्यापक विद्यालयाचा नियमच तसा. बाकी सगळ्यात पास व्हा, भाषेच्या प्रात्यक्षिकात पडलात की प्रमाणपत्र नाही. फेरपरीक्षा एकदाच. मी चिडले, लई चिडले. पोरं गप बसली की नाही बसली? मग शोभायचं काय राहिलं त्यात? पण हे मी घरी येऊन म्हशीला ऐकवलं, परीक्षकांना ऐकवायची टाप नव्हती.

त्यात दुष्काळात तेरावा महिना. म्हणजे दुष्काळ खराच होता. चकलांब्याकडच्या आमच्या शिवारात कुसळसुद्धा राहिलं नव्हतं. भाऊ-भावजय ऊसतोडीला गेलेले. तोडीला टोळ्या नेणारा मुकादम आमच्या दारावरून जाताना माझ्याकडं असा बघायचा, की मला कळायचं, हा मला माणूस धरीत नाही, अर्धा कोयता धरतो. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उरलेला अर्धा कोण, तेही त्यानं हेरून ठेवलं होतं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, एवढंच म्हणाले, "बाय, औंदा पास झालीस तर मास्तरीण. न्हाई झालीस तर लगीन अन् कोयता. मी मुकादमाला किती दिवस थोपवू?"

तर मला शुद्ध मराठी पाहिजे होती, आणि ती आमच्या गावात कुणाकडंच नव्हती. मारुतीच्या देवळातला महाराज बोलायचा ती मराठी सातशे वर्षं जुनी. तलाठी बोलायचा ती निम्मी उर्दू. रेडिओ होता, पण त्याचे सेल संपले होते. विचार करता करता मला आठवलं, वर्षातून एकदा गावात शुद्ध मराठी वाजते. सोसायटीच्या सभेत!

विविध कार्यकारी सहकारी सोसायटीची वार्षिक सभा देवळापुढं भरायची. शेक्रेटरी उभा राहून अहवाल वाचायचा. काय ती भाषा! एका दमात चार ओळींचं वाक्य, आणि कुठंही 'हाय' नाही की 'न्हाई' नाही. मंडळी मान डोलवायची. शेक्रेटरी थांबला, की सगळे एका सुरात "मंजूर, मंजूर" म्हणायचे आणि चिवड्याकडं वळायचे. अण्णा तर हात वर करूनच बसायचे, सारखा वर-खाली कोण करीत बसणार!

नशीब असं, की त्या वर्षी सोसायटीनंच उमापूरच्या रस्त्याला गुरांची छावणी काढली होती. आमची बैलजोडी, म्हैस, अण्णा आणि मी तिथंच मुक्कामाला. शेक्रेटरी रोज चारा वाटायला यायचा आणि वाटून झालं की बाभळीखाली जांभया देत बसायचा. अडला हरी म्हणतात तसं मी त्याच्यापुढं जाऊन बसले.

"काका, मला शुद्ध बोलायला शिकवा."

"मी? अगं, मी आठवी नापास हाय."

"मग सभेत कसं बोलता?"

"ते व्हय? ते मी कुठं बोलतो? ते लिवलेलं असतंय." असं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं मला जुन्या अहवालांचा गठ्ठाच आणून दिला. "घे. ह्यात एक चूक सापडायची न्हाई. जिल्ह्याचा सायब तपासतो."

झालं. मी शेण काढता काढता अहवाल पाठ करायला लागले. "चालू वर्षी पर्जन्यमान समाधानकारक नसल्याने..." इथून सुरुवात. कुठं अडलं की शेक्रेटरीला अर्थ विचारायचे. तो म्हणायचा, "अर्थ कशाला पायजे? म्हणायचं असतंय ते." मग अर्थ माझा मीच लावायचे. दिवसभर जिभेला दुसरं वळणच लागू द्यायचं नाही, असा पण केला. बैल पाय देऊन उभा राहिला तर त्यालाही म्हणायचे, "सदर जागा तातडीने मोकळी करण्यात यावी." बैल हलायचा नाही. अण्णा पलीकडून ओरडायचे, "अगं, त्येला मराठीत सांग!"

छावणीतल्या बायांना तर खेळणंच सापडलं. शेजारची मावशी मला बघितलं की म्हणायची, "मास्तरीणबाई, आमच्या गाईनं शेपूट हलवायचा ठराव केलाय, बघा जरा." मी फणकाऱ्यानं म्हणायचे, "सूचक कोण? अनुमोदक कोण?" आणि सगळ्या पदर तोंडाला लावून खिदळायच्या. हसू देत म्हणलं. कोयता त्यांच्या नाही, माझ्या हातात येणार होता.

फेरपरीक्षा तलवाड्याकडच्या एका शाळेत होती. अण्णा सोबत आले आणि बाहेर खिडकीखाली उकिडवे बसले. आत परीक्षक तेच. तोच चष्मा. त्यांनी मला एक चित्र दिलं आणि म्हणाले, "या चित्रावरून मुलांना गोष्ट सांगा. भाषा सांभाळा."

चित्रात झाड, झाडावर नाना तऱ्हेचे पक्षी आणि खाली काठोकाठ भरलेलं तळं. मी ते फळ्याला अडकवलं. पोरं तळ्याकडंच बघत बसली, गोष्टीचं कुणाला पडलं होतं? 'एक होतं तळं' एवढं सोपं वाक्य आठवेना. जीभ टाळूला चिकटली, आणि सुटली ती थेट अहवालावर.

"आज रोजी सर्व पक्ष्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा तळ्याच्या काठी आयोजित करण्यात आली. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात आली व त्याच ठिकाणी पुन्हा घेण्यात आली."

मला वाटलं, संपलं. गेले मी मुकादमाच्या गाडीत. पण बघते तर पोरं हसायला लागलेली. त्यांच्याही गावात सोसायटी होतीच की! बापाच्या मांडीवर बसून प्रत्येकानं सभेचा चिवडा खाल्लेला होता. मला एकदम जोर चढला.

"अध्यक्षस्थानी घुबड होते. ते झोपले होते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. मंजूर?"

"मंजूर, मंजूर!" सगळा वर्ग ओरडला. अगदी बापासारखा सूर काढून, हात वर करून.

"विषय क्रमांक दोन. चालू वर्षी पर्जन्यमान समाधानकारक नसल्याने तळ्यातील संपूर्ण पाणी बगळ्यांसाठी राखून ठेवण्यात यावे. सूचक, मोठा बगळा. अनुमोदक, मोठ्या बगळ्याचा मेहुणा. मंजूर?"

"मंजूर, मंजूर!"

तेवढ्यात पुढच्या ओळीतली एक शेंबडी पोरगी उठली. "बाई, मंग चिमण्या काय पेणार?"

पोरांनी पुन्हा तळ्याकडं बघितलं. मीही बघितलं. आता ह्याला अहवालात उत्तर नव्हतं, अख्खा गठ्ठा मला पाठ होता, कुठंच नव्हतं. पण पाठात विरुद्धार्थी शब्द घेतला की गुण मिळतात, हे आम्हाला विद्यालयात घोटून घेतलं होतं. मी खडू उचलला. फळ्यावर 'मंजूर' लिहिलं आणि त्याच्यापुढं 'नामंजूर' लिहिलं. म्हणलं, "मुलांनो, एखादा ठराव सभासदांना पटला नाही, तर त्यांनी हा शब्द उच्चारावा. विषय क्रमांक दोन पुन्हा सभेपुढे ठेवण्यात येत आहे. तळ्यातील संपूर्ण पाणी बगळ्यांसाठी. मंजूर?"

आधी ती शेंबडी हळूच म्हणाली, "नामंजूर." मग तिच्या शेजारची. मग सगळा वर्ग बाकं बडवून, "नामंजूर! नामंजूर!" मागच्या बाकावरचं एक पोरगं तर बाकावरच चढलं.

परीक्षक उठले. "पुरे, पुरे! पाठ इथेच थांबवा."

"नामंजूर!" वर्गानं त्यांनाही सांगून टाकलं.

परीक्षकांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. त्यांचं तोंड आंबट झालं होतं.

"एकही चूक नाही," ते म्हणाले. "मी मुद्दाम शोधत होतो. नाही सापडली. असं बोलत मात्र कुणी नाही, बाई. ही भाषा कुठं शिकलात?"

"छावणीत, सर."

"लष्कराच्या?"

"गुरांच्या."

ते एकदम खो खो हसले आणि निकालाच्या कागदावर सही करून तो त्यांनी माझ्या हातात दिला. 'उत्तीर्ण' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. पाय जमिनीला लागत नव्हते.

अण्णा खिडकीखालीच होते. म्हणलं, "अण्णा, पास झाले!" तर त्यांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चालायला लागले. मला वाटलं, आनंदानं बोलत नसतील. मी आपली बडबडत होते, मुकादमाला काय सांगायचं, मावशीला कसं चिडवायचं. नाक्यावर एसटीची वाट बघत बसलो तरी ते गप.

"अण्णा, काय झालं? खूश न्हाई का तुमी?"

"खूश हाय की. लई खूश हाय." मग जरा थांबून म्हणाले, "बाय, ते शेवटाला लेकरं काय वरडत होती? ना...?"

"नामंजूर."

त्यांनी तो शब्द स्वतःशी एकदा म्हणून बघितला. "म्हंजी न्हाई?"

"न्हाई."

"अन् सोसायटीत ते म्हणलेलं चालतंय?"

"चालतंय की. प्रत्येक सभासदाला म्हणता येतंय. नियमच हाय."

अण्णांनी उजवा हात मांडीवर पालथा ठेवला होता. त्याच्याकडंच बघत ते म्हणाले, "मंग इतक्या वर्सात आमाला कुणी सांगितलं कावून न्हाई?"