मिलिंदच्या अंगावरचा कोट

मिलिंद गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, मी ते पाहिलं. पुण्यात ऑफिसला निघताना मी पूर्वी काम करायचो त्या खामगावच्या फोटोच्या दुकानाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला, तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली दोन मेणबत्त्या आणि मधोमध मिलिंद, निळ्या कोटात, लाल टाय लावून. खरं सांगतो, माणूस गेला हे कळायच्या आधी तो कोट माझ्या डोक्यात गेला. तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो कोट मला पाठ होता. दुकानाच्या कॉम्प्युटरवर ‘कोट’ नावाचं एक फोल्डर होतं, त्यातला तो सातवा. आणि मिलिंदनं सतरा वर्षांत एकाही मेलेल्या माणसाला त्या फोल्डरमधला कोट घातला नव्हता.

आमच्याकडे माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचे फोटो करायला येतात. हातात मतदान कार्ड असतं, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला मागच्या रांगेतला चेहरा. तो कापायचा, तयार कोटावर चिकटवायचा, मागे आकाश टाकायचं, झाला फोटो. दोन मिनिटांचं काम. त्यामुळे आमच्या जिल्ह्यात जन्मभर धोतर नेसलेली माणसं मेल्यावर टाय लावून भिंतीवर बसलेली आहेत, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी धाड गावाहून खामगावला त्या दुकानात लागलो तेव्हा मलाही वाटत नव्हतं. शेजारच्या टेबलावर मिलिंद बसायचा. संग्रामपूरकडचा, आईला घेऊन खामगावात राहणारा, बोलायला कमी. तो फोटो करायला आलेल्या माणसाला पहिलं विचारायचा, “काय घालत होते?” मग ते लोक गोंधळायचे, एकमेकांकडे बघायचे, आणि हळूहळू सांगायला लागायचे... पांढरी बंडी, डाव्या खिशात चष्मा, थंडीत मफलर. मिलिंद ते सगळं स्क्रीनवर काढायचा. शिंपी शिवतो तसं. मागे दुकानाचा शेठ घड्याळाकडे बघत उभा.

मला जे काही येतं ते त्यानं शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे माझा पाणउतारा करून शिकवलं. आधी कपड्याचा सपाट रंग भरायचा. त्याच्यावर दुसरा थर घ्यायचा, त्याला मल्टिप्लायवर टाकायचं आणि त्यात सावली रंगवायची. मल्टिप्लाय खालचा रंग गडद करतं पण झाकत नाही, कापडाचा पोत तसाच दिसत राहतो. मी पहिल्याच दिवशी पांढऱ्या सदऱ्यावर काळ्या रंगानं सावल्या ओढल्या. तो बघत राहिला आणि म्हणाला, “काळ्यानं कपडा मळते बे, सावली नाही पडत. निळा घे थोडा.” घेतला, तर सदरा खरंच उन्हात आल्यासारखा झाला. चुण्या कुठेही पडत नाहीत, कापड जिथून ताणलं जातं तिथून निघतात, काखेतून, कोपरातून, बटणाच्या ओढीतून, हेही त्याचंच. उजेडासाठी थर वेगळा, त्याला ‘स्क्रीन’ म्हणतात, तो खालचा रंग उजळवतो. एकदा मी एका म्हातारीच्या सुती लुगड्यावर त्याच थरानं अशी चकाकी मारली की ती बाई रेशमात गुंडाळल्यासारखी दिसायला लागली. मी खूश. मिलिंदनं तो थर उडवला आणि मला परत करायला लावला. तीनदा. सुती कापड चमकत नाही, ते उजेड पिऊन घेतं, एवढं कळायला मला अख्खा दिवस लागला. तेव्हा मी त्याला मनात काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहिता यायचं नाही.

एकदा एका शेतमजुराची बायको आली. नवरा टेरिकॉटचा शर्ट घालायचा, कॉलर विरलेली, असं तिनं सांगितलं. मिलिंदनं कॉलर विरलेली काढली. दोरे सुटलेले, कडेला थोडा उजेड. ती बाई बघून ओळखल्यासारखी मान डोलवत राहिली. पण संध्याकाळी तिचा मुलगा दुकानात आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, की माझ्या बापाची इज्जत काढली, फाटका दाखवला. शेठनं मिलिंदला दहा गिऱ्हाइकांपुढे झापलं आणि सातव्या नंबरचा कोट चिकटवून फोटो दिला. मी बाहेर आल्यावर मिलिंदवरच चिडलो, तुझ्या तोंडात जीभ नाही का, म्हणून. तो म्हणाला, पोराचंही चुकलं नाही. या त्याच्या समजूतदारपणाचा मला कायम राग यायचा. अजून येतो. अशी माणसं स्वतःबद्दलही तेवढीच समजूत काढून घेतात. जायच्या आधी तीन दिवस छातीत दुखत होतं, हा सोडा पीत बसला. मला फोन केला होता. “गॅस झाला असन बे,” म्हणाला. मी डॉक्टरकडे जा म्हटलं, त्यानं हो-हो केलं आणि विषय बदलून एका पैठणीच्या काठाबद्दल विचारायला लागला. मला मीटिंग होती. नंतर करतो म्हणून मी फोन ठेवला, आणि केला नाही... चव्वेचाळीस हे काय जायचं वय आहे?

पुण्याहून निघालो, जलंब स्टेशनला उतरून खामगाव गाठलं, आणि त्याच्या घरी जायच्या आधी तडक दुकानात गेलो. शेठ बसला होता, समोर गिऱ्हाइकं. मी तोंडाचा पट्टा सोडला. ज्या माणसानं सतरा वर्षं तुमच्या दुकानात जीव ओतला त्याला शेवटी दोन मिनिटं दिलीत, फोल्डरमधला कोट दिलात, लाज कशी वाटली नाही, असं बरंच काही. शेठनं ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढून माझ्यासमोर ठेवला, त्यात मिलिंदच्या फोटोची फाइल होती. मी तो उचलून निघालो. मला वाटलं, वरमला.

रविवारी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम होता, मोठा फोटो तिथे ठेवायचा आणि मग कायमचा भिंतीवर. माझ्या हातात दोन दिवस होते. मिलिंद चौकड्याचे बुशशर्ट घालायचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी लॉजवर बसून लॅपटॉपवर तो शर्ट काढला. चौकडी प्रत्येक चुणीत वळवली, सावलीत निळा घातला, चकाकी कुठेही नाही. इतकं जीव तोडून मी ऑफिसचंही काम केलेलं नाही. शनिवारी दुपारी तो घेऊन मावशींकडे, त्याच्या आईकडे गेलो. म्हटलं, मावशी, हा लावू, तो कोट काढून टाकू, शेठनं मुद्दाम केलं.

मावशींनी चष्मा लावून पाहिलं. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

“कोट मीनंच सांगतला शेठले. तो नाही म्हने, मिलिंदले आवडनार नाही म्हने. मीच म्हटलं, घाल.”

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी मान वर करून भिंतीकडे दाखवलं. तिथे निळ्या कोटातल्या एकाच माणसाचा फोटो होता, ज्यांचं नाव मी लिहायची गरज नाही. त्याखाली रिकामा खिळा.

“बुशशर्टात तर मी त्याले रोजच पाह्यलं. तुमच्या घरी कोट म्हंजे लग्नातला कपडा. आमच्या घरी तसं नाही बाबू.”

शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं बसलो, त्याच्या ताटात जेवलो, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मिलिंद एकदा म्हणाला होता, कोट असा कोणाच्याही अंगावर चिकटवायची वस्तू नाही. मी समजलो, कारागिराचा ताठा. आणि त्याच्या आईला काय घालायचं हे न विचारता मी दोन दिवस शर्ट रंगवत बसलो होतो. राग आला तो आता स्वतःचा, आणि थोडा त्याचाही, की मेल्या, नीट सांगायचं होतंस एकदा.

मी म्हटलं, कोट राहू द्या मावशी, पण मला तो नीट करू द्या. त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोरच बसल्या. मी शेठचा पेन ड्राइव्ह लावला. फाइल मोठी करून पाहिली, तर चेहरा एकीकडच्या उन्हातला, कोट दुसरीकडच्या, मान मधेच तरंगणारी. आणि डाव्या गालावर एक गडद पट्टा. तेव्हा मी फोटो ओळखला. आमच्या धाड गावात, माझ्या बहिणीच्या लग्नात काढलेला. मी त्याच्याहून उंच, त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा, ऊन माझ्या बाजूनं. शेठनं मला कापून टाकलं होतं, पण माझी सावली त्याच्या गालावरच राहिली होती. असा डाग आमच्या धंद्यात सगळ्यात आधी पुसतात. मी नाही पुसला. कोटावर नवा थर घेतला, मल्टिप्लायवर टाकला, आणि ती सावली गालावरून खाली ओढली, कॉलरवर, खांद्यावर, बाहीच्या पहिल्या चुणीपर्यंत. हळूहळू कोट त्याच्या अंगावर बसायला लागला. मी मिलिंदला पुटपुटत शिव्या देत होतो, मावशींसमोरच.

मावशी जवळ सरकल्या. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे काळं कायचं पडलं त्याच्या अंगावर?”

मी सांगितलं, मावशी, माझी सावली आहे ती, मी बाजूला उभा होतो.

त्यांनी बोट काढलं नाही. म्हणाल्या, “मंग राहू दे.”