दोरीमास्तर

दोरीमास्तर रस्त्यानं चालताना समोर कधीच पाहत नसत. त्यांची मान वर असे, नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांकडे. कोणत्या मजल्यावर दोरी बांधली आहे, तिच्यावर कपडे वाळताहेत की नाही, हे पाहत ते बोईसरच्या गल्ल्यांतून हिंडत. एकदा एका वॉचमननं हटकलं, "अंकल, रोज ऊपर किसको देखते हो?" मास्तर म्हणाले, "भाव देखता हूँ, भाव." त्या दिवसापासून तो त्यांना फाटकाजवळ उभं राहू देईना.

पालघरच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर माझ्या साप्ताहिकात ते घरांच्या भावावर सदर लिहू लागले. बिल्डरच्या आकड्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. "संपादक, रिकाम्या फ्लॅटला पडदे लावता येतात, दिवे लावता येतात. रोज ओले कपडे कोण आणून टाकणार?" दोऱ्या भरत होत्या, म्हणून ते लिहीत गेले की बोईसरमध्ये माणसं स्थिरावताहेत, भाव चढणार, थांबू नका. शिक्षक, कारखान्यातले फिटर, शिरगावचे वाडीवाले ते पान कापून ठेवत. त्याच पानावर बिल्डरांच्या जाहिराती असत. साप्ताहिक त्यांच्यावरच चालायचं.

सल्ल्याला आलेल्या माणसाला मास्तर आधी चहा पाजत आणि मग विचारत, "राहायला घेताय की विकायला?" विकायला म्हटलं की त्यांचा चेहरा उतरे. "घराला आधी माणूस लागतो, मग भाव येतो," असं म्हणून ते बशी पुसत बसत.

एका दुपारी ते माझ्या कचेरीत आले आणि पंख्याखाली बसले. पाणीही घेईनात. मग म्हणाले, "मी दोऱ्या पाहिल्या. कपडे पाहिलेच नाहीत."

काही कारखान्यांत काम घटलं होतं आणि दोऱ्या भराभर रिकाम्या होत होत्या. तेव्हा त्यांना आठवलं की इतके दिवस वाळत होत्या त्या पँटी, बनियनं आणि कामाचे निळे शर्ट. साडी क्वचित. लहान मुलाचं झबलं तर नाहीच. एकेका फ्लॅटमध्ये कंत्राटी कामगारांचा घोळका भाड्यानं राहत होता. ती माणसं घर घेणारी नव्हतीच. काम संपलं की गावी जाणारी होती. "बायको असती तर तिनं एका फेरीत सांगितलं असतं," मास्तर म्हणाले.

तिथेच बसून त्यांनी लेख लिहून दिला. माझा अंदाज चुकला, घाईनं घर घेऊ नका, असं सरळ लिहिलं होतं. मी म्हटलं, "दिवाळी अंक होऊ दे मास्तर, मग छापू." दिवाळी अंकात बिल्डरांच्या पानपानभर जाहिराती होत्या. दिवाळी झाल्यावर मी दुसरं कारण काढलं. मास्तर भेटेल त्याला तोंडी सांगत होते, पण लोकांचा विश्वास छापलेल्यावर.

त्याच दिवसांत शिरगावची हिराबाई कचेरीत आली. ही बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. नवरा गेल्यावर बोट विकली होती आणि त्या पैशात मुलासाठी फ्लॅट पाहत होती. "मास्तर घरी नाय. तुमीच सांगा, ते काय बोलतात? घेऊ का नको?" माझ्या टेबलावर त्याच इमारतीची जाहिरात पडली होती. मी म्हणालो, "मास्तरांचं मत होतं तेच आहे." जाताना ती माझ्यासाठी बोंबील ठेवून गेली. ते आम्ही खाल्ले.

तिनं फ्लॅट घेतला. पुढे त्या इमारतीत ना पाणी आलं, ना भाडेकरू. विकायला काढलं तर गिऱ्हाईक फिरकेना. असे पुष्कळ जण अडकले आणि सगळ्यांनी मास्तरांना धरलं. भाजीवाला विचारी, "मास्तर, वांगी चढतील का उतरतील?" बिल्डरनं त्यांना एक फ्लॅट फुकट दिल्याचंही बोललं गेलं. कॉलेजनं व्याख्यानाला बोलावणं बंद केलं. हिराबाई त्यांच्या फाटकाशी येऊन म्हणाली, "तुमी बोललात म्हणून आमी बोटीचे पैसे घालवले." लेख माझ्याकडे पडून असतानाचा हा व्यवहार आहे, हे मास्तरांना ठाऊक होतं. मी शेजारीच उभा होतो. ते तिला म्हणाले, "चूक माझीच." आत आल्यावर मला म्हणाले, "पहिली तर माझीच ना." त्यानंतर मी त्यांना मान वर करून चालताना पाहिलं नाही.

शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला जात असे. एकदा त्यांनी विचारलं, "बोईसरला गेला होतास? हिराबाईच्या गॅलरीत दोरी आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "साडी वाळत होती."

मास्तर माझ्याकडे वळले. "कुठल्या रंगाची?"

मला रंग सांगता आला नाही. त्यांनी कूस बदलली. आमचं शेवटचं बोलणं तेच.

साप्ताहिक आता बंद झालं आहे. हे लिहायला घेण्याआधी मी शिरगावला गेलो. हिराबाई बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळायला टांगत होती. लेखाचं, जाहिरातीचं, मी तिला दिलेल्या उत्तराचं, सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. रांग पुरी झाल्यावर तिनं हात पदराला पुसले.

"मास्तर गेले तवा सगळा गाव पोचवायला गेला," ती म्हणाली. "मी नाय गेली. तुमच्यामुळं नाय गेली."