तळाशी दगडफूल

आईच्या सेंटचा पहिला वास गवार मोडल्यासारखा यायचा. कोवळ्या शेंगांची देठं खुडताना बोटांना लागतो ना, तसा, हिरवा आणि कडवट. थोड्या वेळाने त्यातून फुलं यायची, पण मोगरा-चाफ्याशी काही नातं नसलेली, साबणाच्या वडीतली म्हणावीत अशी. आणि संध्याकाळी पदराला उरायचा तो तिसराच वास, ओल्या लाकडांचा, सुकलेल्या पाल्याचा. बाटली हिरवी, चौकोनी आणि हातात घेतली की चांगली जड. निवृत्तीच्या दिवशी ठाण्याच्या ऑफिसातल्या बायकांनी वर्गणी काढून ती आईला दिली होती. एकीची मुलगी परदेशात होती, तिच्याकडून मागवलेली.

त्या संध्याकाळी डोंबिवलीच्या घरी जेवताना आईने मनगट पुन्हा नाकाशी नेलं आणि म्हणाली, "ह्याच्यात दगडफूल आहे."

"सेंटात?" बाबा म्हणाले. "मसाल्यातलं?"

"तळाशी आहे. आत्ता कळलं."

आम्ही दोघं हसलो. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या वाचनात आलं, की ह्या जातीच्या सेंटांना शिप्र म्हणतात आणि त्यांच्या तळाशी परदेशातल्या झाडांवर उगवणारं, दगडफुलाचंच एक भावंड असतं. मी लगेच आईला फोन केला. ती म्हणाली, "मग? दर उन्हाळ्यात मसाला काय मी नाक बंद करून भाजते?" आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

तो वास कुणाला फारसा आवडायचा नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावतात. आईने अत्तरदाणी बाजूला सारली आणि प्रत्येकीच्या हातावर ही बाटली फुसकन उडवली. समोरच्या ब्लॉकमधली नवी सून हात हुंगून म्हणाली, "काकू, भारी आहे हां, पण थोडंसं फिनेल टाईप नाही वाटत?" बाकीच्या तीळगूळ खाता खाता खुसखुसल्या. आईने पुढच्या वर्षीही तेच लावलं. गोड वासाने तिचं डोकं उठायचं, आणि आपलं डोकं दुसऱ्याच्या आवडीसाठी उठवून घेणाऱ्यातली ती नव्हती.

बाटली तिने वर्षानुवर्षं पुरवली. आमच्या घरात संपलेली वस्तू संपली असं कोणी मानतच नसे. शॅम्पू तळाला गेला की त्यात पाणी घालायचं, टूथपेस्ट लाटण्याने लाटायची, लोणच्याच्या बरणीत शेवटी भात कालवायचा. ह्या सगळ्याचा मला लहानपणी संताप यायचा, आणि अजूनही येतो.

मागच्या वर्षी आई गेली. दुपारी झोपली ती उठलीच नाही.

मला काहीच झालं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं सगळंच झालं होतं. मी फोन घेतले, गुरुजी ठरवले, तेराव्याला जिलबी की श्रीखंड हेही मीच ठरवलं. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर होते मी. रडणाऱ्या बायकांना पाणी नेऊन देत होते आणि मनात म्हणत होते, ह्यांना बरं जमतं.

सुतक फिटल्यावर मावशीने रीतीप्रमाणे घर धुऊन काढलं. चादरी, उशांचे अभ्रे, आईचा रोजचा टॉवेल, खुंटीवरची साडी, सगळं पाण्यात गेलं. संध्याकाळी मी आईच्या खोलीत उभी राहिले आणि म्हणाले, "आईचा वास गेला." बाबा दाराशी उभे होते.

पुढच्या रविवारी गेले, तर वास होता. खोलीत शिरल्याबरोबर तीच गवार. मी कपाटाला टेकून उभी राहिले. रडू आलं नाही, पण बधिर गालाला मुंग्या याव्यात तसं आत कुठेतरी किंचित हललं. कपाटातल्या साड्यांमधून येत असेल, असं मी धरून चालले. मग दर रविवारी ठाण्याहून जाऊ लागले. बाबांना वाटत असेल मी त्यांच्यासाठी येते, पण मी त्या खोलीसाठी जात होते. तो वास आहे तोवर कधीतरी आपल्याला आईसाठी रडता येईल, एवढी एकच आशा मला होती. बाबांनी काही केलं असेल असं मनातही आलं नाही, कारण त्या साथीच्या तापापासून बाबांना वासच येत नाही. दूध करपून घरभर धूर होतो तेव्हा त्यांना कळतं. निघताना गॅस बंद आहे ना ते मी स्वतः बघते.

मग वास विरळ होत गेला. एका रविवारी तो आलाच नाही. मी कपाट उघडून बाटली काढली. आत तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं पांढुरकं काहीतरी होतं.

"बाबा, ह्याला काय झालं?"

ते पंच्याला हात पुसत आले. "संपत आलं होतं. म्हणून थोडं पाणी घातलं."

"सेंटमध्ये? पाणी?"

"ती शॅम्पूत घालायची."

"तुम्हाला काय करायचंय हो सेंट? तुम्हाला वास तरी येतो का?"

"मला कशाला?" बाबा म्हणाले. "तू म्हणालीस ना, आईचा वास गेला. म्हणून रविवारी तू यायच्या आधी उशीवर मारून ठेवायचो. किती मारायचं ते मला कळत नाही, त्यामुळे जरा जास्तच गेलं असेल." मग त्यांनी विचारलं, "आता येतो का?"

मी मनगटावर उडवलं. मनगट नुसतं ओलं झालं.

"नाही येत, बाबा."

त्यांनी बाटली माझ्या हातातून घेऊन खिडकीच्या उजेडात धरली. "म्हणजे उरलेलंही मीच घालवलं," ते म्हणाले. असू दे, असं म्हणायला हवं होतं, पण तोंडातून निघालं नाही. त्यांच्यावर राग आला असता तरी चाललं असतं. तोही आला नाही. मी गॅस बघितला आणि निघाले.

त्या आठवड्यात ठाण्याच्या मॉलमध्ये त्याच नावाची बाटली विचारली. "मॅडम, ते कधीच बंद झालं," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "हे बघा ना, एकदम फ्रेश आहे." तिने माझ्या हातावर जे उडवलं त्याला स्ट्रॉबेरीच्या जॅमचा वास होता. आईचं डोकं नक्की उठलं असतं. मी थँक्यू म्हणून बाहेर आले.

रविवारी बाबांनी दार उघडलं, आणि मी चपला काढतेय तोच म्हणाले, "जरा आत जाऊन कपाट बघ."

साड्यांच्या घडीत आईच्या हातरुमालाची एक पुरचुंडी होती, रबर लावलेली. मी ती उघडली. आत दगडफूल होतं, काळपट, चुरगळलेल्या कागदासारखं.

"वाण्याकडून आणलं," बाबा मागून म्हणाले. "तो म्हणतो, मसाला आत्ता कुठे करताय, हा काय सीझन आहे? ती म्हणायची ना, तळाशी हेच असतं म्हणून. वरचं काही मला जमणार नाही. म्हटलं, तळाचं तरी बघावं."

साड्यांना मसाल्याचा वास लागेल, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी पुरचुंडी नाकाशी नेली. गवार नव्हती, फुलं नव्हती. पण संध्याकाळी लग्नाहून परत येऊन आई पंख्याखाली बसायची आणि पदराने वारा घ्यायची, तेव्हा यायचा तो वास होता. ओल्या लाकडांचा, सुकलेल्या पाल्याचा.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना दुसरा काही मार्गच नव्हता.

"येतोय का गं?"

"येतोय," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. आवरेना. मी तिथेच कपाटासमोर खाली बसले.

बाबा घाबरले. त्यांनी माझ्या हातातून पुरचुंडी काढून घेतली, उघडून आत बघितलं आणि विचारलं, "जास्त झालं का?"