बाबा श्वास मोजतात

आमचे बाबा घड्याळं दुरुस्त करतात आणि न विचारता सल्ले देतात. दुकानात त्यांचा एकच नियम: चालत्या घड्याळाला हात लावायचा नाही. "नुसतं साफ करून द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सरळ परत पाठवतात.

ताईची लेक चिमणी जन्मली तीच डाव्या फुफ्फुसात फुग्यांसारख्या पोकळ्या घेऊन. पोर मात्र टुणटुणीत. एक डॉक्टर म्हणाले, तेवढा भाग आत्ताच काढा. पुढे तिथे जंतुसंसर्ग झाला तर अवघड जाईल, आणि या वयात उरलेलं फुफ्फुस वाढून जागा भरून काढतं. दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही त्रास नसताना एवढ्याशा जिवाला कशाला कापायचं? लक्ष ठेवू. दोघंही अनुभवी, दोघंही प्रेमळ. ताईची झोप उडाली.

ती बाबांकडे आली, उत्तर माहीत असल्यासारखी. बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"मला विचारू नकोस, बाळा. घड्याळ माझ्या हातून बिघडलं तर मी दुसरं देतो."

ताई चिडली. "जन्मभर सल्ले दिलेत, आणि आजच तोंड शिवलंत?" मग ती रडली. शेवटी तिनं आणि भावोजींनी थांबायचं ठरवलं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: ताप, खोकला आणि श्वासाची गती बघत राहा. श्वास बाबांनी स्वतःकडे घेतले. रोज दुपारी दुकानाला कुलूप लावून ते झोपलेल्या चिमणीपाशी बसत आणि सेकंदकाट्यावर पूर्ण एक मिनिट मोजत. अर्धं मोजून दुप्पट केलेलं त्यांना चालत नसे. तेहतीस, चौतीस, बत्तीस. आकडे दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर. आम्ही त्यांची भरपूर चेष्टा केली.

दहाव्या महिन्यात तिला जराशी सर्दी झाली. दात येत असतील, असं मीच ठणकावून सांगितलं. बाबांनी तीनदा मोजलं. बावन्न. "चल," एवढंच ते म्हणाले आणि ताईला चपला घालायचीही उसंत दिली नाही.

त्या पोकळ्यांतच संसर्ग झाला होता. वेळेत पोचल्यामुळे तो औषधांनी आवरला, आणि दोन महिन्यांनी पहिल्या डॉक्टरांनीच तो भाग काढला. "मी सांगितलं होतं" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मला तो माणूस तेवढ्यासाठीच फार आवडतो.

चिमणी आता पाच वर्षांची आहे आणि जिन्यावरून उड्या मारते. काल दुपारी ती झोपली होती, आणि उशाशी बाबा, हातात घड्याळ.

"बाबा," मी म्हटलं, "चालत्या घड्याळाला हात लावायचा नाही ना?"

"हात कुठं लावतोय?" ते हळूच म्हणाले. "हे मोजल्याशिवाय मला दुकान उघडवत नाही."