उपासाचा काढा

ऐंशी साल उजाडायच्या जरा आधीची गोष्ट. आखातातल्या मुहर्रकच्या आमच्या दोन खोल्यांतून साखरेचा डबा हद्दपार झाला होता. ह्यांना मधुमेह निघाला आणि कंपनीची मेडिकल तोंडावर आलेली. त्यात शुगर दिसली की खलास, गुंडाळा बिऱ्हाड! बाहेरच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, पण ह्यांना धीर कुठला? जहाजदुरुस्तीच्या गोदीत ह्यांच्याबरोबर एक चिनी वेल्डर होता. त्यानं मुळ्या-सालींची पुडी दिली. काढा करून जेवणानंतर अर्धा कप, एवढंच त्यानं सांगितलं होतं.

घरभर कडू, मातकट वास. मी म्हणायची, "अहो, डॉक्टरांना विचारा तरी."

"विचारलं की ते बंद कर म्हणतील. मग काय करू?"

कप्पाळ माझं! ह्यांच्यापुढे कोण बोलणार?

त्यात संकष्टी आली. शुगरपायी साबुदाणा नाही, बटाटा नाही, दिवसभर नुसता कोरा चहा. गोळी मात्र घेतली, काढाही दोनदा घेतला. औषधानं उपास मोडत नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं.

दिवेलागणीला मी नैवेद्याचे मोदक ताटात काढत होते. मागे धप्पकन आवाज झाला. हे फरशीवर, घामानं निथळलेले, आणि मला ओळखेनात. मी अशी किंचाळले की शेजारची वसईची नर्स धावत आली. तिनं हात लावला, भांड्यातला काढा पाहिला, माझ्याकडून गोळीचं-उपासाचं ऐकलं आणि माझ्यावरच खेकसली, "अगं, गोळी साखर उतरवते, हेही उतरवत असणार, आणि पोटात अन्नाचा कण नाही! शरीर चालेल कशावर? गोड लाव हिरड्यांना, आत्ता!"

चंद्र उगवला नव्हता. नैवेद्य दाखवला नव्हता. खड्ड्यात गेला नैवेद्य! मोदक फोडला आणि गुळाचं सारण बोटानं ह्यांच्या हिरड्यांवर चोळत राहिले. जाऊ नका हो, जाऊ नका, एवढंच तोंडात. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले, ओठांवरचा गूळ ह्यांनी चाटला, माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे साखर उतरली, काढा लागू पडला ना गं?"

मी उठले. भांडं उचललं आणि उरलेला काढा मोरीत ओतला, पुडीही भिजवून टाकली. हे फरशीवर पडल्यापडल्या बघत होते. मग हुंदके देऊन रडायला लागले.